गच्चीवरची वीज : काही रूढ गैरसमज

संक्रांतीच्या दिवशी, म्हणजे आपल्या बडोद्याच्या भाषेत उत्तरायणाला, अवघे शहर गच्चीवर लोटते. परंतु अलीकडे पतंग उडविणाऱ्यांच्या पायांखालची जागा आक्रसू लागली आहे. जेथे पूर्वी पापड-कुरडया वाळत पडत आणि उन्हाळ्याच्या रात्री अंथरुणे पसरली जात, तेथे आता लोखंडी सांगाड्यांवर निळ्या-काळ्या काचेच्या फळ्या दक्षिणेकडे तोंड करून उभ्या दिसतात. घरगुती सौर विजेच्या बाबतीत गुजरात हे देशातील अग्रेसर राज्यांपैकी एक आहे. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू करून १ कोटी घरांवर असे संच बसविण्याचा संकल्प जाहीर केल्यापासून तर गल्लोगल्ली हाच विषय निघतो.

वस्तू घरात आधी येते आणि तिच्याविषयीचे ज्ञान पुष्कळ मागाहून येते, हा यंत्रयुगाचा नेहमीचाच क्रम आहे. सौर पॅनेलच्या बाबतीतही तेच घडत आहे. सामान्य कुटुंबाला या संचासाठी लाख-दीड लाख रुपये उभे करावे लागतात, कित्येकांना कर्ज काढावे लागते. अशा वेळी चुकीच्या अपेक्षेने घेतलेला उत्तम संचही घरात निंदेचा धनी होतो. आणि उलटपक्षी, चुकीच्या भीतीने काही माणसे तो घेतच नाहीत. विद्यार्थिमित्रहो, वडीलधाऱ्यांनी करारावर सही करण्यापूर्वी घरात ज्या प्रश्नांची चर्चा होते, त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे तुमच्या विज्ञानाच्या क्रमिक पुस्तकातच दडलेली आहेत. ती बाहेर काढावीत, एवढाच या लेखाचा हेतू होय.

सर्वांत जुना आणि सर्वांत सार्वत्रिक गैरसमज हा की, पॅनेल उन्हाच्या उष्णतेवर चालते. म्हणून जितका उकाडा अधिक, तितकी वीज अधिक. या समजुतीला एक कारण आहे. बडोद्यातील अनेक घरांवर पाणी तापविण्याचे सौर बंब पुष्कळ आधीपासून आहेत. बंबाला उष्णताच हवी असते. काळ्या नळ्यांत पाणी तापते व हलके होऊन वरच्या टाकीत चढते; त्यात विजेचा संबंध नाही. गच्चीवर शेजारी-शेजारी मांडलेल्या या दोन वस्तू एकाच जातीच्या वाटल्या तर नवल नाही. प्रत्यक्षात त्यांचे शास्त्र वेगवेगळे आहे.

पॅनेलमधील सौरघट हा सिलिकॉन या अर्धवाहकाचा पातळ पापुद्रा असतो. प्रकाशाचा कण, ज्याला आपण फोटॉन म्हणतो, त्यावर आदळला आणि त्याच्यापाशी पुरेशी ऊर्जा असली, तर तो सिलिकॉनमधील एक इलेक्ट्रॉन त्याच्या बांधलेल्या जागेवरून मोकळा करतो. घटाच्या दोन थरांच्या सीमेवर जे विद्युत क्षेत्र असते, ते या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना एकाच दिशेने ढकलते आणि बाहेरच्या तारेतून प्रवाह वाहू लागतो. प्रकाशामुळे विजेचा प्रवाह निर्माण होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल याने १८३९ मध्येच पाहिले होते; प्रकाश हा ऊर्जेच्या पुडक्यांच्या रूपाने वागतो, ही उपपत्ती आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडली; आणि १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य घट तयार केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आजच्या घरगुती पॅनेलची ती २० ते २२ टक्क्यांच्या आसपास आहे.

आता मर्म लक्षात घ्या. उष्णतेचे जे अवरक्त किरण असतात, त्यांच्यातील दीर्घ तरंगलांबीच्या कणांपाशी इलेक्ट्रॉन मोकळा करण्याइतकी ऊर्जाच नसते. सुमारे ११०० नॅनोमीटरपेक्षा अधिक लांबीचा किरण सिलिकॉनमध्ये वीज निर्माण करू शकत नाही. फार तर घट तापवितो. आणि तापलेल्या घटाचे विभवांतर घसरते. पॅनेलवर छापलेली शक्ती ही घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस धरून मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के शक्ती कमी होते. मे महिन्यात आपल्याकडे हवेचे तापमान ४२ अंशांवर जाते. त्या वेळी गच्चीवरील काळ्या घटाचे तापमान ६५ अंशांच्या घरात सहज पोहोचते. म्हणजे २५ च्या वर ४० अंश. ०.३५ ने गुणा : १४ टक्के. भर दुपारी, ज्या क्षणी आपण ‘आज काय कडक ऊन आहे, धो धो वीज होत असेल’ असे म्हणतो, त्याच क्षणी पॅनेल आपल्या छापील शक्तीच्या सातव्या हिश्शाला मुकलेले असते. मे महिन्यात एकूण उत्पादन चांगलेच असते, ते दिवस मोठा व आकाश निरभ्र असते म्हणून. परंतु फेब्रुवारी-मार्चमधील एखाद्या स्वच्छ, वाऱ्याच्या दुपारी तेच पॅनेल मेपेक्षा अधिक जोमाने काम करताना आढळले, तर मीटर बिघडला असे समजू नये.

याच कारणासाठी पॅनेल आणि गच्ची यांच्यामध्ये हवा खेळण्यास मोकळी जागा सोडतात. आपल्या जिल्ह्यात नर्मदेच्या कालव्यावर जानेवारी २०१५ मध्ये १० मेगावॅटचे जे सौर केंद्र सुरू झाले, त्यातही हा लाभ साधला आहे. खालून वाहणाऱ्या पाण्यामुळे पॅनेल काहीसे गार राहतात आणि वरच्या सावलीमुळे कालव्याचे बाष्पीभवन घटते. पॅनेलमुळे घर तापते, हा जो उलटा आक्षेप काही गृहिणी घेतात, त्याचेही उत्तर येथेच मिळते : पॅनेलच्या सावलीत असलेल्या स्लॅबला ऊन लागत नाही, म्हणून खालची खोली तापण्याऐवजी थोडी निवतेच.

दुसरा घोटाळा आहे तो किलोवॅट आणि युनिट यांचा. हा घोटाळा शास्त्राचा कमी आणि भाषेचा अधिक आहे, परंतु खिशाला सर्वांत अधिक चाट याच्यामुळे बसते. ‘३ किलोवॅटचा संच’ असे विक्रेता म्हणतो. ऐकणारा मनात हिशेब करतो : सकाळी ६ ते संध्याकाळी ६, असे १२ तास, ३ गुणिले १२, म्हणजे रोज ३६ युनिट! प्रत्यक्षात वर्षाची सरासरी काढली तर त्याला रोज सुमारे १२ युनिट मिळतात, आणि तो स्वतःला फसविला गेलेला समजतो. खरे पाहता विक्रेत्याने लबाडी केलेली नसते. बहुधा त्याने समजावून सांगण्याचा कंटाळा केलेला असतो, आणि तो माझ्या मते अगदी लहान दोष नव्हे.

किलोवॅट म्हणजे नळाच्या धारेचा वेग. युनिट, म्हणजेच किलोवॅट-तास, ही भरलेली बादली. पॅनेलची ३ किलोवॅट ही शक्ती प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॅट प्रकाश पडेल तेव्हाची आहे. असा प्रकाश स्वच्छ दिवशी मध्यान्हीच्या सुमारासच मिळतो. सकाळी-संध्याकाळी किरण तिरपे येतात, हवेच्या जाड थरातून गाळून येतात, आणि धार बारीक होते. संपूर्ण दिवसाचा प्रकाश एकत्र करून तो मध्यान्हीच्या प्रखरतेने पडला असे मानले, तर आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने सुमारे पाच-साडेपाच तास भरतात. त्यातून तापमान, धूळ, तारा आणि इन्व्हर्टर यांची घट वजा जाता १ किलोवॅटमागे रोज सुमारे ४ युनिट हाती लागतात. हा ४ चा आकडा पाठ करून ठेवावा. पावसाळ्यात तो बराच उतरतो. उन्हाळ्यात थोडा चढतो.

ढगाळ दिवशी वीज शून्य होते काय? नाही. ढगांतून विखुरलेला प्रकाश येतच असतो. दाट ढग असले तर उत्पादन दहाव्या किंवा पाचव्या हिश्शावर येते, विरळ असले तर अर्ध्यावर. जर्मनीसारख्या उदास आकाशाच्या देशात १ किलोवॅटचे पॅनेल वर्षाकाठी सुमारे १००० युनिट देते; आपल्याकडे तेच १४०० ते १५०० देते. असे असून त्या देशाने पॅनेलची एवढी प्रचंड उभारणी केली आहे, हे ज्यांना श्रावणातल्या चार दिवसांच्या झडीची धास्ती वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे.

आता ज्या प्रश्नाने मला हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले, त्याकडे वळतो. शालान्त परीक्षेचे दिवस. भर दुपारी गावातील वीज गेलेली. गच्चीवर लखलखीत ऊन. आणि खाली अभ्यासाच्या खोलीतील पंखा बंद! दहावीच्या एका विद्यार्थ्याने वर्गात मोठ्या त्राग्याने विचारले, “सर, सूर्य आमचा, पॅनेल आमचे, पैसे आमच्या बाबांचे. मग जीईबीची वीज गेल्यावर आमची वीज का जाते?” (गुजरात वीज मंडळाची विभागणी होऊन दोन दशके झाली, तरी जुन्या घरांत वीजकंपनीचे नाव अजून जीईबीच आहे.) वर्गातील पुष्कळ मुलांच्या माना डोलल्या. अनेकांना वाटत होते की, ही कंपनीची आडमुठी अट असावी, किंवा स्वस्त इन्व्हर्टरचा दोष असावा.

वस्तुतः हा दोष नसून मुद्दाम केलेली योजना आहे, आणि तिच्या मुळाशी एका माणसाचा जीव आहे.

आपल्या वस्तीच्या कोपऱ्यावर जे रोहित्र असते, ज्याला आपण ‘डीपी’ म्हणतो, ते ११,००० व्होल्टची वीज घरगुती दाबावर उतरविते. एका घरात, एका तारेवर आपल्याला २३० व्होल्ट मिळतात. रोहित्राची रचना तुम्ही शिकला आहात : लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी, एकात फेरे अधिक, दुसऱ्यात कमी. या रचनेला दिशा नसते. अधिक फेऱ्यांच्या बाजूने वीज दिली तर दाब उतरतो. कमी फेऱ्यांच्या बाजूने दिली तर तोच दाब चढतो. आता कल्पना करा की, कोठे तरी तार तुटली म्हणून उपकेंद्रातून पुरवठा बंद केला आहे आणि वायरमन खांबावर चढला आहे. त्याच वेळी एखाद्या गच्चीवरील पॅनेलने आपली वीज बाहेरच्या तारेत ढकलणे चालूच ठेवले, तर ती वीज रोहित्रात उलट शिरून पलीकडच्या तारेवर हजारो व्होल्टच्या रूपाने प्रकट होऊ शकते. आणि त्याच तारेवर त्या माणसाचा हात असतो. त्याने आपल्या बाजूचा पुरवठा रीतसर बंद केलेला असतो. शेकडो गच्च्यांपैकी कोणती गच्ची जागी आहे, हे त्याला खालून कसे कळावे?

म्हणून जाळ्याला जोडलेला प्रत्येक इन्व्हर्टर सतत बाहेरच्या विजेची नाडी पाहत असतो. तिचे विभवांतर ठरावीक मर्यादेत आहे काय, वारंवारिता ५० हर्ट्झच्या जवळ आहे काय, हे तो क्षणोक्षणी तपासतो. नाडी थांबली की दोन सेकंदांच्या आत त्याने स्वतःला तोडून घेतले पाहिजे, असा दंडक आहे. आणखीही एक तांत्रिक कारण आहे : साधा इन्व्हर्टर स्वतःचा ताल निर्माण करीत नाही; भजनी मंडळीतील टाळकऱ्याने मृदंगाच्या ठेक्यावर टाळ धरावा, तसा तो जाळ्याच्या तालावर आपला प्रवाह सोडतो. मृदंग थांबला की त्याचे टाळही थांबतात.

मग वीज गेल्यावरही पंखा चालावा असा उपाय नाही काय? आहे. बॅटरी आणि तिच्याबरोबर चालणारा निराळ्या जातीचा इन्व्हर्टर घेतला, तर तो बाहेरच्या तारेपासून घराला पूर्णपणे अलग करून मगच घरातील काही दिवे-पंखे चालवितो. परंतु त्याची किंमत बरीच अधिक पडते आणि बॅटरी पॅनेलइतकी टिकत नाही. आपल्या भागात वीज क्वचितच जात असेल, तर हा खर्च करावा की नाही, याचा ज्याने-त्याने विचार करावा. मात्र खटपट करणाऱ्या एखाद्या हुशार माणसाने ‘वीज गेल्यावरही चालेल’ म्हणून जोडणीत काही परस्पर बदल करून देण्याची तयारी दाखविली, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. त्या हुशारीची किंमत खांबावरील माणूस देतो.

ज्याची उदाहरणे वारंवार दिली जातात ते मोढेरा गाव येथे आठवते. पूर्वी बडोदे संस्थानात मोडणारे, अकराव्या शतकातील सूर्यमंदिराने प्रसिद्ध असलेले हे गाव ९ ऑक्टोबर २०२२ रोजी चोवीस तास सौर विजेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून जाहीर झाले. ऐकणाऱ्याला वाटते की, तेथील प्रत्येक घर आपापल्या पॅनेलवर स्वतंत्र जगत असेल. तसे नाही. तेथे १३०० हून अधिक घरांवर प्रत्येकी १ किलोवॅटची पॅनेल आहेत, हे खरे. परंतु त्यांच्या पाठीशी जवळच जमिनीवर उभारलेले ६ मेगावॅटचे केंद्र आहे आणि दिवसाची वीज रात्रीसाठी राखणारा बॅटऱ्यांचा मोठा संचही आहे. गाव उजळले आहे ते या तिन्हींच्या जोडणीमुळे.

सावलीविषयीचा समज त्यामानाने साधा, पण नुकसान करणारा आहे. पॅनेलच्या दहाव्या भागावर सावली पडली तर वीज दहाव्या भागाने कमी होईल, असे कोणीही म्हणेल. येथे एक प्रयोग करून पाहा. खेळण्यातील लहान सौर पॅनेल आणि छोटी मोटर प्रयोगशाळेत मिळेल. पॅनेलवर एकापुढे एक लहान घटांच्या पट्ट्या दिसतील. पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून प्रथम असा ठेवा की सर्व पट्ट्यांचा थोडा-थोडा भाग झाकला जाईल. मोटर मंदावेल, पण फिरेल. आता तोच तुकडा असा ठेवा की एकच पट्टी संपूर्ण झाकली जाईल. मोटर थांबेल. झाकलेले क्षेत्रफळ तेच, परिणाम मात्र निराळा! कारण घट एकसर जोडणीत असतात. एकाच दोरीने बांधलेल्या गिर्यारोहकांपैकी एक थबकला की सर्वांना थांबावे लागते, तसा एका घटातील प्रवाह अडला की साऱ्या मालेचा प्रवाह अडतो. मोठ्या पॅनेलमध्ये यावर उपाय म्हणून बहुधा तीन डायोड बसविलेले असतात. ते अडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात. तरीही एका घटासाठी पॅनेलचा तिसरा हिस्सा गमवावा लागतो. म्हणून पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याचा नवा मजला यांची सावली जानेवारीत कोठवर येते, ते संच बसविण्यापूर्वी पाहावे. बडोद्याचे अक्षांश सुमारे २२.३ अंश. डिसेंबरअखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघ्या ४४ अंशांवर असतो. सावल्या लांब पडतात. जूनच्या आरंभी तो थेट डोक्यावर येतो आणि नंतर काही आठवडे चक्क किंचित उत्तरेकडे सरकतो. उन्हाळ्यात गच्ची पाहून ‘येथे सावलीच नाही’ असा निर्वाळा देणाऱ्याने अर्धेच वर्ष पाहिलेले असते. पॅनेल दक्षिणेकडे कलते ठेवण्याचे कारणही यातच आहे. गच्ची तशी नसेल तर पूर्व-पश्चिम मांडणीही चालते, थोडी घट सोसावी लागते इतकेच.

‘एकदा बसविले की बघायला नको’ हेही वाक्य नेहमी कानी येते. पॅनेलमध्ये हलणारा भाग नाही, त्यामुळे तेलपाणी नको, हे खरे. परंतु धूळ ही आपल्या प्रांताची नित्याची पाहुणी आहे. गांधीनगर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील पॅनेलवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, तीन-चार आठवडे न पुसलेली पॅनेल स्वच्छ केल्यावर त्यांचे उत्पादन जवळजवळ निम्म्याने वाढे. पावसाळ्यात हे काम वरुणराजा करतो. बाकीचे आठ महिने ते आपल्याला करावे लागते. पहाटे किंवा संध्याकाळी, मऊ फडक्याने आणि शक्य तो क्षार नसलेल्या पाण्याने ते करावे. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये. बोअरचे पाणी वाळले की पांढरे डाग मागे राहतात, आणि ते धुळीहून चिवट असतात.

येथेच तुम्हा मुलांसाठी एक सूचना. अडकलेला पतंग काढण्यासाठी पॅनेलवर पाय देऊ नये. काच फुटत नाही, म्हणून काही झाले नाही असे वाटते. परंतु आतील सिलिकॉनचा पापुद्रा केसापेक्षा फार जाड नसतो. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्या वर्षानुवर्षे वीज खातात. दुसरे, घरातील मुख्य बटण बंद केले तरी पॅनेल बंद होत नाही. जोवर प्रकाश आहे तोवर त्याच्या तारांत विभवांतर असते. अनेक पॅनेल एकसर जोडलेली असतात, त्यामुळे ते शेकडो व्होल्टपर्यंत जाते, आणि हा दिष्ट प्रवाह असल्याने त्याची ठिणगी सहजासहजी विझत नाही. निघालेली किंवा उंदराने कुरतडलेली तार दिसली तर तिला हात न लावता मोठ्यांना सांगावे. पॅनेल वीज आकर्षित करून घरावर पाडते, ही भीती मात्र निराधार आहे. आकाशातील विजेपासून संरक्षणासाठी सांगाड्याला भूमिजोड नीट असावी लागते, ती कोणत्याही उंच लोखंडी वस्तूला लागतेच.

पॅनेल तयार करण्यास जितकी ऊर्जा लागते तितकी ते आयुष्यात परत देत नाही, असे एक विधान सुशिक्षित माणसेही मोठ्या आत्मविश्वासाने करतात. घट महाग आणि अकार्यक्षम होते त्या आरंभीच्या काळात या शंकेला काही आधार होता. आज आपल्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात पॅनेल ती ऊर्जा एक-दोन वर्षांत फेडते आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे चालते. दर वर्षी त्याची शक्ती सुमारे अर्ध्या टक्क्याने क्षीण होते; पंचवीस वर्षांनी ते मरत नाही, वृद्ध होते. मार्च १९५८ मध्ये अवकाशात सोडलेल्या ‘व्हॅनगार्ड १’ या चिमुकल्या उपग्रहाच्या बॅटऱ्या काही महिन्यांतच संपल्या, परंतु सौरघटांवर चालणारा त्याचा प्रेषक १९६४ पर्यंत बोलत राहिला. इन्व्हर्टर मात्र एवढा दीर्घायुषी नसतो. पंचवीस वर्षांत तो एकदा तरी बदलावा लागेल असे धरून चालावे. जुन्या पॅनेलचा कचरा हा प्रश्न खरा आहे. त्यात मुख्यतः काच व ॲल्युमिनिअम असते, पण डाखात थोडे शिसेही असते. एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला आहे. ती भंगारवाल्याकडे फोडण्यास देण्याची वस्तू नव्हे.

राहिला ‘मोफत’ हा शब्द. योजनेच्या नावातच तो आहे, म्हणून गैरसमज होणे साहजिक. सरकारी हिशेबात पहिल्या २ किलोवॅटचा खर्च प्रत्येकी ५०,००० रुपये व तिसऱ्याचा ४५,००० रुपये धरला आहे. त्यावर १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले आहे. म्हणजे ३ किलोवॅटसाठी १,४५,००० मधून ७८,००० वजा जाता ६७,००० रुपये उरतात. प्रत्यक्षात सांगाडा उंच करणे, चांगल्या प्रतीचे साहित्य इत्यादींमुळे हा आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो. एक उदाहरण सोडवू. घरातील वापर महिन्याला ३०० युनिट, विजेचा दर सर्व आकार धरून समजा ६ रुपये. वर्षाचे युनिट ३६००, वाचलेली रक्कम २१,६०० रुपये. पदरचे १,००,००० रुपये घातले असतील, तर ते सुटण्यास साडेचार वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. हा व्यवहार वाईट नाही, उलट फार चांगला आहे. परंतु पहिल्या महिन्यापासून फुकट, असे त्याचे वर्णन करता येत नाही. ज्या घराचा वापर महिन्याला ८० युनिटच आहे, त्याने ३ किलोवॅटचा संच घेतला तर हे गणित बिघडते, कारण उरलेल्या विजेला वीजकंपनी जो दर देते तो आपण भरत असलेल्या दरापेक्षा बहुधा बराच कमी असतो. शिवाय स्थिर आकार भरावाच लागतो.

रात्रीची वीज कोठून येते, याचा उलगडाही मीटरपाशी होतो. दिवसा घरात न लागलेली वीज तारेतून बाहेर जाते आणि शेजारच्याच घरात वापरली जाते. रात्री आपण बाहेरची वीज घेतो, जी कोळशाची, पाण्याची किंवा वाऱ्याची असू शकते. सौर संच बसविल्यावर जुना मीटर काढून दोन्ही दिशांची मोजणी करणारा मीटर लावतात. त्याच्या काचेवर आकडे आळीपाळीने दिसतात : एक आपण घेतलेल्या युनिटचा, दुसरा आपण दिलेल्या युनिटचा. पॅनेलने एकूण किती वीज तयार केली तो तिसरा आकडा मात्र इन्व्हर्टरवर किंवा सौर मीटरवर असतो. घरात खरोखर किती वीज वापरली गेली ते काढायचे असेल तर तयार झालेल्या विजेतून दिलेली वजा करावी आणि घेतलेली मिळवावी. ज्यांच्या घरी संच आहे त्यांनी हे तीन आकडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेस एका वहीत मांडावेत. मे आणि जुलै यांची ओळ एकाखाली एक आली की, वर सांगितलेला ४ चा आकडा आपल्या गच्चीवर किती चढतो-उतरतो, ते स्वतःच्या हिशेबाने कळेल. आणि एखाद्या महिन्यात तो अकारण घसरलेला दिसला, तर प्रथम फडके घेऊन गच्चीवर जावे, तक्रारीचा फोन त्यानंतर करावा.